गाऱ्हाण्यात कुणाचं नाव

आमच्या सिद्धीबद्दल गोव्यातल्या आमच्या मये गावात कुणालाही विचारा, गाडी जाळणारी पोर म्हणून सांगतील. पाच वर्षं तिने पेडण्याच्या म्हाताऱ्यांची रक्तं तपासली, हे कुणी सांगणार नाही. मी तिची आत्या, विनोदिनी. कृष्णनाथ माझा धाकटा भाऊ, सिद्धी त्याची मुलगी आणि साईश त्याचा मुलगा. लग्न केलं नाही म्हणून मी याच घरात राहिले. जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि ते आठवलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ते खाणींचे दिवस होते. कृष्णनाथाचा स्वतःचा टिपर होता, त्या ट्रकमधून तो खाणीवरून जेटीपर्यंत खनिजाची माती न्यायचा. घराची जनेलं दिवसभर बंद ठेवली तरी संध्याकाळी पाटावर लाल धुळीचा थर बसायचा. सिद्धी लहानपणी बापाच्या मांडीवर बसून टिपरचं स्टिअरिंग धरायची, तेव्हा हा बाप गावभर कौतुक सांगत फिरायचा. तीच पोर मोठी झाली, धारगळच्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये लागली आणि स्वतःच्या पगारातून जुनी टर्बो डिझेल गाडी घेऊन आली, तेव्हा त्याच बापाच्या कपाळाला आठ्या पडल्या.

गाडी तिने मिरवायला घेतली नव्हती. उपाशीपोटी द्यायचं रक्त सकाळी लवकर घ्यावं लागतं, आणि धड चालता न येणारी म्हातारी माणसं लॅबपर्यंत येत नाहीत. म्हणून पाव विकणाऱ्या पोदेराचा हॉर्न वाजायच्या आधीच सिद्धी घराबाहेर पडायची. पार्शेच्या यशोदाकाकू साखरेच्या पेशंट, त्या चहाचा घोटही न घेता बाल्कांवात, दारापुढच्या बाकावर, तिची वाट बघत बसायच्या. बसने गेलं तर दोन ठिकाणी बस बदलावी लागते आणि पोचेपर्यंत काकूंना चक्कर येते. गाडी म्हणजे सिद्धीची नोकरी होती, एवढं साधं गणित. ते घरातल्या दोन्ही पुरुषांच्या डोक्यात कधी शिरलं नाही.

साईशला मात्र त्या गाडीत दुसरंच काही दिसायचं. हा आमचा चिरंजीव. कॉलेज अर्धवट सोडलेलं, काम शोधतोय असं सांगून घरी बसलेला. रविवारी ताईची गाडी घेऊन मित्रांबरोबर नव्या रस्त्यावर शर्यती लावायच्या, हा त्याचा उद्योग. एका रविवारी म्हणाला, "ताई, गाडी सर्व्हिसला नेतो." सिद्धीला वाटलं, चला, भावाला अक्कल आली. त्याने गाडी म्हापशाच्या एका मित्राकडे नेली. मित्राने लॅपटॉप जोडून इंजिनाचा प्रोग्रामच बदलला, डिझेल वाढवलं, टर्बोचा दाब वाढवला. एवढ्यावर भागलं नाही. टर्बोची शिट्टी ऐकू यावी म्हणून एअर फिल्टरचा डबा काढून टाकला आणि पाईप उघडा ठेवला. धुळीच्या गावात उघडा पाईप! सोमवारी सिद्धीने विचारलं, "ही शिट्टी कसली रे?" तर म्हणतो, "सर्व्हिस केल्यार येता अशी." बहिणीच्या तोंडावर इतकं सरळ खोटं बोलायला माणसाला काय लागतं, ते मला आजही कळलेलं नाही.

त्याच आठवड्यात कृष्णनाथाने पाणी बघायला बॉनेट उघडलं. उघडा पाईप त्याला दिसला. आता इथे बापाने पोराचा कान धरायचा की नाही? पण साईशने केलंय म्हटल्यावर ते ठीकच असणार, असं आमच्या घरचं शास्त्र. खाणीवरच्या टिपरवाल्यांची एक सवय असते. हवेच्या पाईपाच्या तोंडावर तेलात भिजवलेलं जुनं कापड बांधायचं, म्हणजे लाल माती कापडावर बसते आणि इंजिनात जात नाही. टिपरच्या पाईपाला आधी जाळी असते, म्हणून ते चालून जातं. कृष्णनाथाने जुन्या लुंगीचा तुकडा फाडला, तेलात बुडवला, सुतळीने पाईपाच्या तोंडावर बांधला आणि बॉनेट लावून टाकलं. सिद्धीला यातलं अक्षर सांगितलं नाही. गाडी तिची, आणि तिलाच पत्ता नाही.

पुढच्या काही दिवसांतच धारगळच्या चढावर व्हायचं ते झालं. वाढवलेल्या दाबाच्या टर्बोने कापड सुतळीसकट आत ओढून घेतलं. टर्बोची पाती मोडली, त्याच्या सीलमधून इंजिनाचंच तेल आत जायला लागलं आणि इंजिन स्वतःचं तेल जाळत आपोआप पळत सुटलं. सिद्धीने चावी फिरवून काढली. तरी इंजिन थांबेना. आवाज वाढत चाललेला, हायवेवर पांढरा धूर, मागचे लोक गाड्या थांबवून ओरडतायत. पोरीने डोकं शांत ठेवलं. ब्रेक पूर्ण दाबून वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडून दिला, तेव्हा कुठे ते घरघरत बंद पडलं. मग गाडीतून तिने सगळ्यात आधी काय काढलं असेल? पर्स नाही, मोबाईल नाही, रक्ताच्या नमुन्यांची थंड पेटी. पेडण्याहून येणाऱ्या बसच्या कंडक्टरच्या हातात ती दिली, लॅबचं नाव सांगितलं, आणि मग ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसून रडली.

घरी आल्यावर तिला काय ऐकायला मिळालं ते ऐका. मुलगी म्हणून बोल लावत कृष्णनाथ म्हणाला, "चेडवाक टर्बो झेपना. हांव पयलींच सांगतालों." साईश म्हणाला, "हिका बंद करपाक कळूंक ना." सिद्धी म्हणाली, "चावी काडली तरी बंद जायना, बाबा." कुणी कानावर घेतलं नाही. रात्रीपर्यंत गावभर झालं की कृष्णनाथाच्या मुलीने हायवेवर गाडी जाळली. देवळात, दुकानात, तळ्यावर, जो तो शहाणपण शिकवायला तयार. गावातल्या किती मुलग्यांनी मोटरसायकली नारळाच्या झाडांना नेऊन ठोकल्या, त्यांची नावं मी सांगू शकते. त्यांना मात्र गाव धडाडीचे म्हणतं.

मग कृष्णनाथाने निकाल दिला. गाडी दुरुस्त झाली की ती साईशकडे राहील, आणि सिद्धीने डिचोलीतल्या एखाद्या लॅबमध्ये खुर्चीवर बसून काम करावं. मी म्हटलं, "आणि यशोदाकाकू? त्यांचं रक्त साईश घेणार आहे का?" तो पेपर वाचत बसला.

सिद्धीने वाद घातला नाही. दुरुस्ती आपल्या पगारातून करते म्हणाली आणि गाडी डिचोलीत महादेव मेस्तांच्या गॅरेजमध्ये ओढून नेली. रविवारी ती स्वतः तिथे जायची, डिझेलच्या तसराळ्यात पार्ट धुवायची, विचारून विचारून एकेक गोष्ट समजून घ्यायची. एका रविवारी मी तिचा डबा घेऊन गेले होते. इंजिन खोलून पडलेलं. एक पिस्टन वितळून वाकडा झालेला, बेअरिंगं करपलेली. महादेवाने टर्बोकडून येणारा पाईप झटकला आणि त्यातून तेलाने चिकट झालेल्या चिंध्या खाली पडल्या.

"बाय, हें कितें गे?" तो म्हणाला. "इंजनांत कापड कशें येता?"

मी चिंधी उचलून पुसली. निळ्या चौकड्या. मागे एका चतुर्थीला बांद्याच्या बाजारातून मीच कृष्णनाथाला आणून दिलेली लुंगी. घरी जाऊन मी ती त्याच्या ताटाशेजारी ठेवली आणि विचारलं, "ही तुजी न्हय?"

त्याने बघितलं. चेहरा पडला. मग घास गिळून म्हणाला, "सगळ्यांच्यो लुंगयो तश्योच आसतात."

मी गावात जाऊन ओरडून सांगणार होते. सिद्धीनेच माझा हात धरला. म्हणाली, "आते, तुवें सांगलें जाल्यार तो तुज्याकडेन झगडटलो आनी गजाल थंयच सोंपतली. ताणेंच सांगूंक जाय." त्याच्याच तोंडून यावं हे तिचं म्हणणं मी मानलं, पण माझ्या भावाशी बोलणं टाकलं. पोरगी मात्र रोज अंधारात उठून दोन बस बदलत होती आणि काकूंना बिस्किटं खाऊन घ्या, उद्या बघू, असं फोनवर सांगत होती.

इंजिन नव्याने बांधून झालं. बोअर केलं, पिस्टन नवे, टर्बो दुसरा. फिल्टरचा डबा जागेवर आला. प्रोग्राम बदललाय हे महादेवाने ओळखलंच होतं, म्हणून साईशला पुढे घालून सिद्धीने म्हापशाहून जुना प्रोग्राम परत टाकून आणला. कंपनीने केली तशी गाडी, अधिक नाही, उणी नाही. महादेवाने तिला बजावलं की सुरुवातीला हळू चालव, इंजिनाला सवय होऊ दे.

आमच्याकडे गाडीचं मोठं काम झालं की ती आधी राखणदाराला, गाव सांभाळणाऱ्या देवाला, दाखवायची. वडाखाली त्याची जागा. रोट, केळी, विडी ठेवायची आणि जाणत्याने गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मागणं, घालायचं. कृष्णनाथाने टिपरचा हंगाम कधी राखणदाराला विचारल्याशिवाय सुरू केला नाही. बाकी जगाशी तो कसाही वागेल, पण तिथे उभा राहून खोटं बोललेला मी त्याला कधी बघितलेला नाही.

संध्याकाळी आम्ही गेलो. शेजारपाजारचे आले होते. साईश नवा शर्ट घालून गाडीजवळ उभा, चावी आता आपल्यालाच मिळणार म्हणून. जाणते म्हणून सदाशिवभाऊंनी गाऱ्हाण्याला सुरुवात केली.

"बा राखणदारा म्हाराजा, कृष्णनाथाची ही गाडी नव्यान रस्त्यार येता. तिका वाटेर सांबाळ."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ह्या चेडवाच्या हातांतल्यान कितें चुकलां माकलां आसत तें पोटांत घाल."

लोकांनी पुन्हा "व्हय म्हाराजा" म्हटलं. माझ्या अंगाचा भडका उडाला. इतक्यात सिद्धी पुढे झाली. गाऱ्हाणं मध्ये कुणी अडवत नाही, पण तिने अडवलं.

"काका, म्हजें नांव घेऊं नाकात. म्हज्या हातांतल्यान कांय चुकूंक ना."

कुजबूज सुरू झाली. सदाशिवभाऊ म्हणाले, "मागीर कोणाच्या हातांतल्यान?" सिद्धी नुसती बापाकडे बघत राहिली. मीही बघितलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मघाशी सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत होते तेव्हा कृष्णनाथाचे ओठ हलले नव्हते. विडीचा जुडगा हातात धरून तो तसाच उभा होता. राखणदारापुढे त्याला ते म्हणता आलं नव्हतं.

त्याने विडीचा जुडगा वडाखाली ठेवला. मग तो म्हणाला, "सदाशिव भाऊ, चेडवाचें नांव सोड. म्हजें घाल. पायपार कापड हांवें बांदिल्लें."

साईश तिथून सटकायला बघत होता. कृष्णनाथाने त्याचा दंड धरला. "आनी ह्याचेंय घाल. फिल्टर हाणें काडिल्लो. गाडी चेडवाची आसा, चेडूंच चलयतलें."

सदाशिवभाऊंनी घसा साफ केला आणि गाऱ्हाणं पहिल्यापासून घातलं. गाडी सिद्धीची, चूक कृष्णनाथाची आणि साईशाची, पाईप, कापड, सगळं नाव घेऊन. जे लोक इतके दिवस पोरीच्या नावाने खडे फोडत होते, त्यांना प्रत्येक ओळीला "व्हय म्हाराजा" म्हणावं लागलं. मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटलं. गाऱ्हाणं संपल्यावर कृष्णनाथ माझ्याकडे वळला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बाय, लुंगी म्हजीच."

"म्हाका खबर आसा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पोदेराच्या आधी गाडी सुरू झाली. शिट्टी नव्हती. सिद्धी हळूहळू चालवत पार्शेला गेली, आणि यशोदाकाकूंनी त्या दिवशी चहा वेळेवर घेतला.