पंख घडवणारं ‘पंखहीन’

जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या प्रयोगशाळेत रोझविथा क्यूब्लर एकतीस वर्षं फळमाश्यांसाठी स्वयंपाक करत होत्या. मक्याचं पीठ, यीस्ट आणि बीटाची काकवी रटरट शिजवायची आणि गरम असतानाच हजारभर नळ्यांत ओतायची. संशोधक येत, पदव्या घेऊन जात. त्यांच्या माश्या मात्र बाईंच्याच हातचं जेवत. जरा करपलं तरी बाई सगळं नव्याने रांधत.

गेल्या वर्षी बाईंच्या आतड्याचा कॅन्सर काढला. घराण्यातून उतरणारा प्रकार आहे, मुलीलाही तपासून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं. मुलगी मारेन चौतिशीची, शेजारच्याच गावातली. ती फोनवर म्हणाली, “तू दिलेलं कॅन्सरचं जनुक असलं तर असू दे. मला कळायला नको.” त्या बोलण्याने बाई पार खचल्या. पुन्हा विषय काढायची हिंमतच होईना.

एकदा प्रयोगशाळेतला तरुण संशोधक डॉ. एहनिंगर नळ्या न्यायला आला. हात पुसत बाईंनी विचारलं, “ते तुमचं ‘पंखहीन’ जनुक माशीचे पंख खातं तरी कसं हो?”

“खातं?” तो हसला. “अहो बाई, तेच पंख घडवतं. त्याचं प्रथिन शेजारच्या पेशीला निरोप देतं, मग ती पेशी आपली ठरावीक जनुकं चालू करते आणि पंख होतो. ते बिघडलं की पंख नाही, म्हणून हे नाव. आम्हा माशीवाल्यांची खोडच आहे. गैरहजेरी बघून बारसं करतो.”

“एकतीस वर्षं शिव्या घातल्या की मी त्याला. आणि माझं, आतड्याचं?”

त्याचं हसू मावळलं. “त्याचंही नाव रोगावरूनच पडलंय. काम मात्र तोच निरोप आवरायचं; माणसाच्या आतड्यात तो पेशींना वाढायला सांगतो. पुरे, आता वाढू नका, म्हणायचं. ते मोडलं की निरोप आला नसतानाही पेशी वाढत सुटतात.”

रविवारी बाई मसुराची आमटी घेऊन लेकीकडे गेल्या.

“कॅन्सरचं जनुक नसतं गं ते,” त्या म्हणाल्या. “कॅन्सरला आवरणारं असतं. मी दिली असली तर त्याची एक फुटकी प्रत दिली. बाबांकडची धड आहे. तीही एखाद्या पेशीत मोडली, तर गाठ येते. वेळेवर दिसली की काढतात. माझं आतडं वेळेत कुणी तपासलंच नव्हतं.”

“आणि ती फुटकीच आली असेल तर?”

“माझा दोष नाही, हे कळतं मला. तरी वाईट वाटतं, मारेन. रोज वाटतं.”

मारेन उगाच आमटी ढवळत राहिली. मग हलकेच म्हणाली, “रक्त काढताना मला चक्कर येते, आई. हात धरून बसशील?”

बाईंनी तो तिथेच धरला.