कुणाकुणाकडे चालतं?

एखादी गोष्ट सगळीकडे चालते असं कुणी म्हटलं, की "कुणाकुणाकडे?" असं विचारल्याशिवाय ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, असे गृहस्थ अख्ख्या खान्देशात एकच आहेत आणि ते नेमके माझे नंदोई आहेत. धुळ्याला देवपुरात, घराच्या पुढच्या खोलीत बसून ते वेबसाइट तयार करतात. शाळा, मंगल कार्यालयं, ठिबकचं सामान विकणारे, अशी त्यांची गिऱ्हाइकं. लोक सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्र वाचतात, आमचे भाऊजी इंटरनेटवरचा एक तक्ता वाचतात. वेबसाइटमध्ये घालायची कुठली नवी सोय कुठल्या ब्राउझरच्या कुठल्या व्हर्जनवर चालते, हे त्यात चौकोनांनी दाखवलेलं असतं. चालत असेल तर हिरवा, नसेल तर लाल. लाल चौकोन दिसला की घरात कुणीतरी आजारी पडल्यासारखा त्यांचा चेहरा होतो. "माझ्या तापाकडे यांनी एवढं कधी बघितलं नाही," असं माझी नणंद म्हणते, आणि त्यात अतिशयोक्ती फार थोडी आहे.

बरं, त्या तक्त्यावरही त्यांचा पुरता भरवसा नाही. तक्ता म्हणतो ते खऱ्या फोनवर स्वतः बघायचं, आणि तऱ्हेतऱ्हेचे खरे फोन एका जागी फक्त लग्नात सापडतात, असा त्यांचा शोध आहे. मुक्ताईनगरला माझ्या पुतणीच्या लग्नात पंगत बसली होती, पानात भरीत पडलं होतं, आणि भाऊजी वाढप्यांच्या मागोमाग एकेका पाहुण्यापुढे वाकत म्हणत होते, "नाना, फोन द्या बरं जरा. उघडूनच द्या." मुलीकडचा माणूस इतक्या अदबीनं मागतोय म्हणजे मानपानातलाच काही प्रकार असेल, असं वाटून नवरदेवाच्या मामांनी फोन तर दिलाच, वर खिशातला चष्माही काढून दिला. नवरदेवाचा फोन मात्र यांनी एक नजर टाकून परत केला. "कोरा आहे हो. याच्यावर सगळंच चालेल, काय उपयोग?" तो मुलगा आजही यांना जरा बिचकून असतो.

मी जळगावात बिबड्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांचा, धंदा करते. धरणगावच्या बायका ज्वारीचे बिबडे घालून, वाळवून देतात, मी पाकिटं भरून विकते. ऑर्डरी तोंडी सांगण्यात घोळ व्हायला लागले, तेव्हा भाऊजींना म्हटलं, एक साधं पान करून द्या. बाईला तिच्या फोनवर दिसेल, किती माल, कधीपर्यंत. तिनं "घेतलं" हे बटण दाबलं की काम तिचं. नाही दाबलं तर दुसरीला जाईल. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मुलीनं त्याचं चित्र काढून दिलं. बटण दाबलं की खालून एक चौकट अलगद वर यायची, तीत छोटं कॅलेंडर. मला आवडलं. एक सुमनअक्का सोडून सगळ्यांकडे चाललंही.

सुमनअक्का माझ्याकडच्या सगळ्यांत जुन्या, आणि हात सगळ्यांत चांगला. त्यांनी फोन करून सांगितलं, "ताई, बठ्ठं दिखस, पण बटन दाबं तं काहीच व्हत नई." सगळं दिसतं पण बटण चालत नाही, म्हणून मी म्हटलं, "नवा फोन घ्या, नाहीतर सूनबाईच्या फोनवर पाठवते." त्या म्हणाल्या, "सूनना फोनवर काम गयं, तं काम बी तिनं अन् पैसा बी तिना. मंग मी कोन?"

हे मी भाऊजींना सांगितलं ते केवळ अडचण म्हणून. त्यांनी मला वेगळंच ऐकवलं. "वहिनी, आपल्याकडे घरात फोन कसा उतरतो बघा. नवा येतो मुलाला. मुलाचा जातो बापाला. बापाचा नातवाला, खेळायला. आणि त्यानं आपटून झाला, की आईला."

"भाऊजी, माझा उन्हाळा चाललाय. ऊन काही तुमच्यासाठी थांबणार नाही. एका बाईसाठी किती दिवस घालवायचे?"

"आत्ता एक दिसतेय," असं म्हणून दुसऱ्या दिवशी ते एसटीनं धरणगावला गेले.

अक्कांच्या अंगणात बिबडे वाळत होते. त्यांच्या कडेला बसून भाऊजींनी अक्कांचा तडा गेलेला फोन मांडीवर घेतला. बसलाच आहे माणूस तर कावळे तरी हाकलेल, म्हणून अक्कांनी त्यांच्या हातात काठी दिली. एका हातानं काठी, दुसऱ्या हातानं बटण, असं काम सुरू झालं. ती अलगद येणारी चौकट गेली, कॅलेंडर गेलं, रंग गेले. दुसऱ्या खेपेला ते पुन्हा गेले, काठी पुन्हा मिळाली. मी चिडलेलीच होते, आणि नवा फोन स्वस्त पडला असता हे माझं मत आजही कायम आहे. शेवटी जे पान उरलं ते पांढरंफटक होतं, त्यावर ठळक काळी अक्षरं आणि बिबड्याएवढं एक बटण. मुलगी म्हणाली, "आई, हे एसटीच्या वेळापत्रकासारखं दिसतंय."

हे पान सुरू झालं त्याच दुपारी माझ्या फोनवर सुमनअक्कांचं नाव उमटलं. पाठोपाठ त्यांचा फोन. "मी दाबं. दिखनं का?"

"दिसलं."

"आखो दाबू?"

"पुन्हा नको, अक्का. काम तुमचंच झालं."

पुढे माल आणायला गेले तेव्हा त्यांनी मला चुलीपाशी बोलावून हळूच विचारलं, "ते भाऊ मानूस चांगला शे. पण त्यासले काम येत नई का वं? एक साधं बटन कराले इतला दिन."

देवपूरला गेले तेव्हा मी हे भाऊजींना जसंच्या तसं सांगितलं. नणंद पोट धरून हसली. त्यांनी मात्र मान वर करून विचारलं, "साधं बटण म्हणाल्या?"

"साधंच म्हणाल्या. मी खरं काय ते सांगते त्यांना. उगाच तुमचं नाव खराब."

ते पुन्हा आपल्या तक्त्याकडे वळले. "नको," म्हणाले. "मग त्यांना कळेल, त्यांचाच फोन एकटा अडला होता."