फळ्यावरची खबर केवढी असावी

माझं तोंड एकदा सुरू झालं की थांबत नाही, असं आमच्या सासूबाई येईल त्याला सांगायच्या. खोटं नव्हतं ते. लिहिणंही तसलंच. सन ऐंशीच्या मागंपुढं लग्न होऊन राणीसावरगावात आले, तेव्हा आमच्या ह्यांचं एसटी थांब्याजवळ चहाचं हॉटेल होतं. त्याच्या भिंतीचा एक चौकोन मी बॅटरीच्या जुन्या सेलातला काळा भुगा आणि पाला घासून काळा केला आणि रोज खडूनं गावाच्या खबरा लिहायला लागले. कुणाची म्हैस हरवली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाच्या पोरीचं जमलं.

म्हशीच्या खबरेत मी तिची शिंगं, चाल, स्वभाव सगळं लिहायची. हे म्हणायचे, "अगं, म्हैस हुडकायचीय, सोयरीक न्हाई जमवायची!"

"तुमी चहाकडं बघा," मी म्हणायची. लय मजेत चाललं होतं आमचं.

बाहेरगावचा निरोप असला की तो एसटीचा कंडक्टर वाचायचा, परभणीच्या स्टँडवर दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरला तोंडी सांगायचा, आणि तो पुढं न्यायचा. टपालापेक्षा हे जल्दी पोचायचं.

एका हिवाळ्यात आमच्या शेजारची धनगरीण बाळंत झाली. पहिलटकरीण. नवरा भावाबरोबर मेंढरं घेऊन चारठाण्याकडं गेलेला. तिथं कुणाच्या तरी रानात खतासाठी कळप बसवला होता. मी बघायला गेले तर बाजेवरून तिनं माझा हातच धरला.

"वैनी, तुमच्या फळ्यावर लिवा. बारशाला आले पायजेत ते. पण समदं लिवा. लेक झाली, पण नाराज होऊ नका म्हनावं. रंगानं उजळ हाय. नाक तुमच्या आईवर गेलंय. पुढच्या टायमाला देवाची मर्जी..."

बोलता बोलता ती रडायला लागली. लेक झाली म्हणून नवरा येणारच नाही, ह्याची तिनं धास्तीच घेतली होती.

मला काय, निमित्तच पाहिजे! वरून खालपर्यंत भिंत भरून टाकली. कंडक्टर उभ्या उभ्या वाचायला लागला. निम्म्यात त्याचा चहा संपला, ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"वैनी, येवढी पोथी माझ्या तोंडात ऱ्हाती व्हय? परभणी येईस्तोवर निम्मी मी इसरतो, ऱ्हायलेली पुढचा इसरतो. उद्या नीट काय ते सांगा," म्हणाला आणि गेला.

असला राग आला मला! मेल्याला चार ओळी जड होतात. पण गाडी त्याची, तोंड त्याचं. पदर खोचला, ओलं फडकं घेतलं आणि भिंतीपुढं उभी राहिले. आधी नाक पुसलं, मग रंग पुसला. देवाची मर्जीही गेली. 'नाराज होऊ नका' पाशी मात्र हात थांबला. त्याच धास्तीनं तर ती रडली होती. पुन्हा वाचलं, आणि मनात आलं, अगं बाई, नाराज व्हायचं असतं हे आपणच त्याला शिकवायलोय की! तेही पुसलं. उरलं एवढंच : लेक झाली. बारशाला या.

तिला जाऊन सांगितलं तर तिचा चेहराच उतरला. "येवढंच? वैनी, घात केला तुमी माझा."

तरी फळ्याला मी पुन्हा हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं वाचलं, मान हलवली आणि गाडीत चढला. नंतर काहीच कळलं नाही. बारशाच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडं पाळणा बांधायले होते, तर दारात सावली पडली. खांद्यावर घोंगडं, पाय धुळीनं पांढरे. नवरा!

तिनं मान खाली घातली. "लेक हाय. सांगितलं का न्हाई कुनी?"

"सांगितलं म्हनून तर भावाच्या गळ्यात मेंढरं टाकून आलो," तो म्हणाला. "पोरगा असता तर आलो असतो सावकास."

मग पोरीला उचलायच्या आधी त्यानं हात धुवायला पाणी मागितलं. ती पदरात तोंड घालून रडायली होती, म्हणून तांब्या मीच भरून दिला.