पपईच्या पुडीचं मटण

आमच्या कमलाकांतकाकांच्या मते जगातलं प्रत्येक दुखणं पोटातूनच निघायचं. कचेरीत कारकून, पण ठाकुरद्वारच्या घरात ऐट वैद्याची. पपईच्या चिकाची पूड त्यांनी तपकिरी बाटलीत ठेवलेली असे. जेवण झालं की चिमूटभर स्वतः घ्यायचे आणि समोरच्याच्याही हातावर ठेवायचे. "नलू, नुसतं खाऊन भागत नाही, पचायला हवं!" मला त्या वासानंच कसंतरी व्हायचं. त्यांचे करपट ढेकर मात्र थांबले होते, खोटं कशाला बोलू?

छप्पन साली त्यांची आई खाईना. आम्ही तिला मोठीआई म्हणायचो. दात कधीच गेलेले. आता पेजेचे दोन घास घेऊन वाटी सारायची. वाळत चालली होती. काकांनी तिलाही पूड सुरू केली.

"अहो, पचायला आधी पोटात काही जायला नको का?" दुर्गाकाकू म्हणाली.

काकांनी तरीही पूड चालूच ठेवली. आई हातची जाणार या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती.

काकूच्या मटणाचं अख्ख्या वाडीत नाव. मटण मऊ व्हावं म्हणून कच्ची पपई घालणाऱ्या बायकांना ती हसायची. "हाताला चव नसली की घालावी पपई!"

एका रविवारी संयुक्त महाराष्ट्राच्या प्रभातफेरीतली मंडळी जेवायला यायची होती. मटणाला मसाला लावून काकू आंघोळीला गेली. ही माणसं आता हाणणार आणि मग पोट धरून बसणार, तेव्हा पूड आधीच घातलेली बरी, असं काकांच्या डोक्यात आलं. घातली की हो अर्धी बाटली!

शिजल्यावर पातेलं उघडलं, तर आत लगदा.

"माझ्या नावाची माती केलीत!" काकू कडाडली. मंडळींनी पावाला लावून खाल्लं, तोंडदेखली वाहवा केली आणि निघून गेली.

तेवढ्यात आतून मोठीआईचा आवाज आला. "वास कसला गं?"

काकूनं रागारागानंच वाटी नेऊन तिच्यापुढे आदळली. मोठीआईनं बोट बुडवून चाटलं. मग सगळी वाटी संपवली.

"आणखी आहे?"

त्यानंतर दर रविवारी दुर्गाकाकू आपल्या हातानं मटण बिघडवायची. नवऱ्याकडे न बघता बाटली मागायची. मोठीआईनं बाळसं धरलं. काका म्हणत पुडीनं, डॉक्टर म्हणत जेवणानं. महाराष्ट्र झाला तेव्हा तिनं खिडकीत बसून रोषणाई बघितली आणि त्याच पावसाळ्यात गेली. येणाऱ्याजाणाऱ्यांचं बघता बघता काकूला रडायलाही सवड मिळाली नाही.

सुतक फिटल्यावर घरात पहिल्यांदा मटण शिजलं. काकूनं झाकण काढलं, तर आत लगदा. हातानं सवयीनं पूड घातली होती. ती पातेल्याकडे बघतच राहिली.

काकांचे सगळे दात शाबूत होते. त्यांनी मुकाट्यानं वाटी पुढे केली, चाटूनपुसून खाल्ली आणि पुन्हा पुढे धरली.

"आणखी आहे?"

काकू तेव्हा रडली.