नवी बॅटरी चारदा उतरली

माझी पिकअप मीच बघतो. रोज सकाळी बॉनेट उघडायचं, ऑइलची पट्टी बघायची, रेडिएटरचं पाणी, चाकांची हवा. आठवड्याला बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर किती आहे ते बघायचं. टर्मिनलवर पांढरं साचलं की गरम पाणी ओतायचं, फडक्यानं कोरडं करायचं, वर पेट्रोलियम जेली लावायची. एवढं करतो म्हणून गाडीत काही बिघडलं की चूक दुसऱ्याचीच, असं माझं ठाम मत होतं. बायको म्हणते, तुमच्याशी बोलायचं म्हणजे आधी दार उघडं ठेवायचं, पळता आलं पाहिजे. म्हणू दे. तापट आहे मी, व्हय.

दसऱ्याला बॅटरी बदलली. सात रस्ता चौकाजवळ एक चाचा आहेत, डोक्यावर जाळीची टोपी, ऑटो इलेक्ट्रिशियन. आयुष्य त्याच दुकानात गेलं त्यांचं. आमच्या पिकअप स्टँडवरच्या सगळ्या गाड्या त्यांच्याकडंच जायच्या, मीही बॅटरी तिथूनच घेतली. घरी येऊन गाडीची पूजा केली आणि डॅशबोर्डवरच्या देवाच्या फोटोला दिव्यांची माळ लावली. देवापुढचा दिवा विझू नये, असं बायको म्हणाली. मग मी माळेची वायर थेट बॅटरीलाच जोडली, म्हणजे किल्ली काढली तरी दिवे चालू. एवढं वायरिंग मला येतं की!

दिवाळीत गाडी तीन दिवस उभी होती. चौथ्या दिवशी सेल्फ मारला तर नुसतं कट-कट. चाचा घरी आले, केबल लावून गाडी चालू करून दिली, बॅटरी तपासली. मग केबिनमध्ये वाकून बघितलं.

"मालक, गाडी उभी राहणार असली की बॅटरीची एक वायर काढून ठेवत जावा," ते म्हणाले.

"नव्या बॅटरीची वायर काढू? मग तिला उशाशी घेऊन झोपू का?" मी म्हणालो. ते केबल गुंडाळून निघून गेले. मी वायर काढली नाही.

पंधरा दिवसांत पुन्हा तेच. चाचांनी मुकाट्यानं ती बॅटरी काढून दुसरी नवी बसवून दिली. तीही उतरली, नेमकी मंगळवेढ्याहून ज्वारीची पोती आणायची त्या सकाळी. पार्टीनं दुसरी गाडी बोलावली. माझं डोकं सणकलं. तडक दुकानात गेलो, चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर ओरडलो, "डुप्लिकेट माल विकता? या वयात लोकांना गंडवायला लाज वाटत नाही?"

"बॅटरी चांगली हाय, मालक," एवढंच ते म्हणाले.

मी तिथंच थांबलो नाही. स्टँडवर प्रत्येकाला सांगितलं, तिकडं जाऊ नका. महिन्याभरात चाचांचं दुकान ओस पडलं. एकदा समोरून गेलो तर ते स्टुलावर नुसते बसून होते. खरं सांगतो, तेव्हा मला बरं वाटलं.

मग मोडनिंबला माल भरायला दोन दिवस थांबावं लागलं आणि बॅटरी परत उतरली. हायवेवरचा एक मेकॅनिक आला, कपाळाला बुक्का लावलेला. त्यानं दार उघडलं आणि हसायलाच लागला.

"आवो, ही माळ डायरेक्ट बॅटरीवर हाय की! रातंदिस जळतीया. देवाला बी जरा झोपू द्या."

मीही हसलो. त्यानं माळेची वायर काढली. नंतर घरी येऊन मुद्दाम चार दिवस गाडी हलवली नाही. पाचव्या दिवशी पहिल्या सेल्फला चालू. तेव्हा मात्र कळलं. एका म्हाताऱ्या माणसाच्या पोटावर मी पाय दिला होता.

चाचांकडं गेलो, सगळं सांगितलं. विचारलं, "तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाही?"

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "तुमच्या देवाचा दिवा बंद करा, असं मी सांगायचं, मालक? मी?"

मला तोंड वर करता येईना. माफ करा म्हणालो. ते म्हणाले, "चहा घ्या." चहा घेतला आणि स्टँडवर गेलो. सगळे होते.

"बॅटरी चांगली होती. माझ्याच वायरिंगची चूक. मी चाचांना उगाच बदनाम केलं," मी सांगून टाकलं.

"चोराच्या उलट्या बोंबा!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे खदाखदा हसले. मग एक जण म्हणाला, "पण एवढं साधं त्या चाचाला कळू नये? कसला मग इलेक्ट्रिशियन!"

मान हलवून गप्प बसता आलं असतं. पण मग त्यांचं नाव परत खराबच राहिलं असतं.

"त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं," मी म्हणालो. "मला सांगायला भ्याले."

"आं? भ्यायचं काय त्यात?"

"देवाचा दिवा बंद करा, असं ते म्हणले असते, तर मी हितं येऊन काय काय बोललो असतो? आणि तुमी काय केलं असतं? सांगा की."