चाचांचं ग्राफिक्स कार्ड

भाईंनी दिलेली मुदत गुरुवारी संपत होती. "आज कार्ड चाललं तर ठेवू, मॅडम. नाहीतर तो प्रोग्राम काढून टाका. चारपर्यंत मी कारखान्यातून येतो," असं ते सकाळी फोनवर म्हणाले होते. सुदैवानं त्या दिवशी कॉलेज दुपारी सुटलं. कॉम्प्युटर लॅबला कुलूप घातलं, गाडी काढली आणि जुळे सोलापुरातून थेट त्यांच्या डिझाइनच्या दुकानाकडे निघाले. वाटेत प्रत्येक सिग्नलला मी मनात एकच यादी घोकत होते: आतापर्यंत काय काय करून पाहिलं, आणि आता काय उरलं.

भाई हे चाचांचे थोरले चिरंजीव. आणि चाचा नसते तर मी पदवीधर झाले नसते. हे मी कुणालाही सांगते, त्यात मला संकोच वाटत नाही. केम गावाहून सोलापुरात शिकायला आले तेव्हा आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. चाचा चादरींची नक्षी काढायचे; वर्ग सुटले की मी त्यांच्याकडे मजुरीवर ग्राफच्या कागदावर चौकोन रंगवायची, त्यातून फी भरायची. चादरीच्या नक्षीत एक चौकोन म्हणजे एक धागा. "एक चौकोन चुकला तर मोराची मान मोडंल बघ," ते म्हणायचे. त्यांचा स्वतःचा हात असा स्थिर, की ब्रश टेकला की रंग रेषेबाहेर जायचाच नाही. परीक्षा जवळ आली की माझ्यापुढची रंगाची वाटी उचलून न्यायचे. "जा, अभ्यास कर. मोर कुठं पळून जात नाही."

तोच उजवा हात चार-पाच वर्षांपूर्वी थरथरू लागला. कंपवात, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, रोज चालायला सांगितलं. ग्राफचे कागद माळ्यावर गेले. भाई आता संगणकावर डिझाइन करतात. कापड विणल्यावर कसं दिसेल ते पडद्यावर दाखवायला त्यांनी त्यात चांगलं ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं आहे.

त्या प्रोग्रामबद्दल चाचांना मीच सांगितलं होतं. जगभरचे लोक आपला रिकामा संगणक संशोधनाला वापरू देतात. संशोधक एका अवाढव्य हिशेबाचे छोटे छोटे तुकडे करून ते घरोघरी पाठवतात. आपला संगणक तुकडा सोडवतो आणि परत धाडतो. त्यातला एक प्रकल्प मेंदूतल्या अशा प्रथिनांचा अभ्यास करतो, जी कंपवातात बिघडतात.

"म्हणजे जॉबवर्क," चाचा म्हणाले. "सूत त्यांचं, माग आपला."

"हो, अगदी तसंच."

"मजुरी?"

"काही नाही."

"मग तर माल चोखच गेला पाहिजे. फुकटच्या कामात खोट काढली तर कुणाला तोंड दाखवायचं?"

मी घाईनं म्हणाले, की यातून तुम्हाला औषध मिळेल असं मात्र समजू नका. ते हसले. "बेटी, मी काय दूधखुळा हाय? चादर विणणारा सगळ्या चादरी स्वतःच पांघरतो का?"

भाईंनी एकच अट घातली. त्यांच्या डिझाइनच्या कामाला धक्का लागता कामा नये. म्हणून प्रोसेसरला मी थोडं हलकं काम दिलं, ते दिवसभर चालू राहील असं. आणि जड काम ग्राफिक्स कार्डाकडे लावलं, पण कुणी संगणक वापरत असेल तर कार्डानं थांबायचं, अशी सेटिंगमध्ये खूण केली. माउस आणि कीबोर्ड तीन मिनिटं शांत राहिले, की कार्ड कामाला लागणार. रात्री दुकानाचा मेन स्विच बंद करतात. भाई बारा ते चार कारखान्यात असतात. म्हणजे ते चार तास कार्डाचे.

पण कार्ड चालेना. प्रोसेसरचे तुकडे वेळेवर परत जात होते, कार्डाचे तसेच पडून होते. त्यांची मुदत संपली तेव्हा प्रकल्पानं ते दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकले. ही गोष्ट चाचांच्या मनाला फार लागली. "आपला माल दुसऱ्याच्या मागावर गेला?" त्यांनी मला दोनदा विचारलं.

मी रविवारी जाऊन बसले. कार्डाच्या प्रत्येक तुकड्याला माहिती पुरवायला प्रोसेसरचा थोडा भाग लागतो. कार्ड म्हणजे वेगवान माग, पण सुताच्या कांड्या भरून द्यायला माणूस नसेल तर तो काय विणणार? मला वाटलं, प्रोसेसरचे सगळे कोअर हलक्या कामात गुंतलेत, म्हणून एक मोकळा ठेवला. हात बाजूला घेतला आणि वाट पाहिली. पंखा घरघरला, कार्ड चालू झालं. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या चाचांनी "वा!" म्हटलं. मी खुशीत घरी आले.

सोमवारी भाईंचा फोन. कार्ड बंद.

पुढच्या रविवारी कार्डाचा ड्रायव्हर नव्यानं घातला. माझ्यासमोर चाललं, सोमवारी बंद. त्याच्या पुढच्या खेपेला प्रोसेसरच्या कामाची रांग कमी केली. पुन्हा तेच. नोंदींमध्ये दर वेळी एकच ओळ दिसायची: संगणक वापरात आहे, कार्ड थांबवले. मला त्यात नवल वाटायचं नाही, कारण ती वाचताना माउस माझ्याच हातात असायचा.

"इन्स्पेक्शन आलं की शाळा चालते, तसं हाय हे," भाई म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "मॅडम, कार्डाचं जाऊ द्या. डॉक्टर म्हणतात चाला, आणि अब्बा दुपारभर त्या मशीनसमोर बसून राहतात. आज चालंल, आता चालंल म्हणून. मला बघवत नाही. चालत नसंल तर काढून टाकू, म्हणजे त्यांचा जीव तरी सुटंल त्यातनं."

त्यांचं काही चुकत नव्हतं. म्हणूनच मी फक्त गुरुवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

गुरुवारी मी पोचले तेव्हा चाचा एकटेच होते. भाईंच्या खुर्चीत, पडद्यासमोर.

"आली माझी इंजिनिअर. बघ, आज तरी तुझं ऐकतंय का."

त्यांनी खुर्ची द्यायला उठायची तयारी केली. मी म्हणाले, बसा, मी कशालाच हात लावणार नाही. या वेळी मला ते माझ्याशिवाय पाहायचं होतं. मी त्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिले. पडद्यावर प्रोसेसरची कामं पुढे सरकत होती. कार्डाच्या कामापुढे तीच ओळ: संगणक वापरात आहे.

मी तर लांब उभी होते. मग वापरतंय कोण?

तेव्हा मला पडद्यावरचा बाण दिसला. तो एका जागी होता, पण थांबलेला नव्हता. बारीक थरथरत होता. माझी नजर बाणावरून टेबलावर आली. चाचांचा उजवा हात माउसवर होता.

"चाचा, माउस धरून का बसलाय?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"नाहीतर पडदा काळा होतो की. मग काय चाललंय कसं कळंल?"

तेवढंच कारण नसावं. दुकानाला दार रस्त्याच्या बाजूला आहे, गिऱ्हाईक येतं-जातं. माउसवर टेकलेला हात काम करणाऱ्या माणसाचा वाटतो.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत आले होते. एक खूण काढून टाकली असती तर कार्ड त्या क्षणी चालू झालं असतं, हात असो वा नसो. पण मग संध्याकाळी भाईंचं डिझाइन अडखळलं असतं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळंच उपटून टाकलं असतं. काहीतरी थाप मारावी, असंही मनात आलं. मशीन गरम होतं चाचा, जरा लांब बसा. पण ज्या माणसानं मला एका चौकोनाची चूक कधी लपवू दिली नाही, त्याच्यापुढे मला ती मारवली नाही.

"चाचा, जरा हात उचला."

"का?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. बाण त्यांनाही दिसला असावा, कारण ते त्याच्याकडेच बघत राहिले.

"ह्याच्यामुळं?"

"त्याला हात दिसत नाही, चाचा. माउस हलला एवढंच कळतं. मग त्याला वाटतं, कुणीतरी काम करतंय."

ते काय म्हणतील याची मला भीती वाटत होती. एकदा वाटलं, उठून आत जातील आणि पुन्हा या खुर्चीत बसणार नाहीत.

"ह्याला तरी वाटतंय की मी काम करतोय," ते म्हणाले. "घरात तर कुणालाच वाटत नाही."

मी हसले नाही. तेच हसले, थोडंसं. मग डाव्या हातानं त्यांनी उजवा हात माउसवरून उचलला आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये दाबून धरला. बाण थांबला.

आम्ही वाट पाहू लागलो. इतकी लांब तीन मिनिटं मी कधी काढली नाहीत. खरंच कारण हेच होतं का? हे जर नसेल, तर या माणसाला मी उगाच ते ऐकवलं होतं. गुडघ्यांमध्ये त्यांचा हात हलत होता, ते तो अजून घट्ट दाबत होते. बाहेर भाईंची गाडी थांबल्याचा आवाज आला. पडदा काळा झाला. चाचांचा हात सुटून टेबलाकडे निघाला, मधेच थांबला आणि परत गेला.

पंखा घरघरला.

"काय मॅडम, झालं का काही?" म्हणत भाई आत आले आणि सवयीनं माउसकडे वाकले.

"हात लावू नको," चाचा म्हणाले.

"अब्बा, पार्टी थांबलीय माझी. रंग बदलून पाठवायचाय."

"आपला माल मागावर चढलाय आत्ता. उतरू दे."

भाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्यांनी वडिलांकडे पाहिलं, गुडघ्यांमध्ये धरलेल्या हाताकडे पाहिलं, आणि त्यांना काय कळायचं ते कळलं. नुसतं म्हणाले, "किती वेळ लागंल?"

"पहिला तुकडा पुरा व्हायला," मी म्हणाले. "अर्धा-पाऊण तास."

भाईंनी खिशातून मोबाईल काढला, पार्टीचा नंबर लावला आणि बोलत बोलत दाराबाहेर गेले. "हां शेठ... नाही, मशीन बिझी आहे. अब्बा बसलेत कामावर."