तळ ढवळणारी चिमटी

चिमटीने एकदा डूख धरला की तो सुटायचा नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. हातात सदानकदा किडे उचलायचा चिमटा, म्हणून बाबांनीच ते नाव ठेवलेलं. बाबा मासेमार. नदीकाठी कापड रंगवायचा कारखाना आला नि मासे पोटं वर करून तरंगायला लागले. बाबांचं जाळं खुंटीला लागलं ते लागलंच.

कॉलेजात पर्यावरण शिकायला लागल्या लागल्या पोरीने नदीचं पाणी बाटलीत भरून तपासणीला दिलं. पण आईची शिस्त अंगात मुरलेली! बाटली घरून साबणाने लख्ख घासून नेली. नमुन्यात निघाला साबण. कारखान्याचा मॅनेजर भरल्या सभेत म्हणाला, "नदीचं राहू द्या बाई, आधी घरची मोरी तपासा." लोक खो खो हसले. बाबा तिथेच मान खाली घालून बसले होते. चिमटीच्या तळपायाची आग जी मस्तकात गेली, ती उतरलीच नाही.

मग ती शिकली. बाटली नदीच्याच पाण्याने खळबळायची, प्रवाहाकडे तोंड करून भरायची. दगडाखालचे किडे ओळखायचे; किडे जिवंत तर नदी जिवंत. आणि हेही कळलं, की पाणी एका दिवसात नितळ होतं, तळ होत नाही.

कारखान्याचा परवाना वाढवायचा की सांडपाण्याच्या पाइपाला टाळं ठोकायचं, हे ठरवायला प्रदूषण मंडळाच्या अधिकारीबाई आल्या, तेव्हा नदी आरशासारखी! होणारच. मेल्या मॅनेजरने आदल्या दिवसापासून पाइप बंद ठेवलेला.

"भरा बाटली," मॅनेजर मिशीत हसला. "या खेपेला नीट धुतली ना?"

"आणलीच नाही." चिमटीने जाळी काढली. पाइपाच्या वरच्या अंगाला तिने पायाने तळ ढवळला, तर जाळीत किड्यांची नुसती वळवळ. मग ती पाइपाच्या खाली आली. "इथे तुम्हीच ढवळा, साहेब. उगाच माझ्यावर संशय नको."

"गमबूट द्या की मग."

"बूट कशाला? पाणी स्वच्छ आहे ना?"

बूट तिच्या पिशवीतच होते. मुद्दामच काढले नाहीत तिने.

अधिकारीबाईंपुढे नाही कसं म्हणणार? पँट दुमडून, ओठ आवळून उतरला बापडा. "जोरात, साहेब, जोरात!" चिमटी काठावरून ओरडत होती, आणि तिला इतकं बरं वाटत होतं की काय सांगावं!

जाळी वर आली. किडा औषधालाही नाही, नुसता निळा गाळ. मॅनेजर बाहेर आला तर पाय घोट्यापर्यंत निळेशार. अधिकारीबाईंनी एकदा त्या पायांकडे पाहिलं आणि पाइपाला टाळं ठोकायला सांगितलं. मॅनेजर काठावर बसून खसाखसा पाय चोळायला लागला.

चिमटीने पिशवीत हात घातला आणि साबणाची वडी त्याच्यापुढे धरली.

"लावा, साहेब. आमच्या मोरीतला आहे."